सगळे एकाच नावाने

बालाजीरावांना घाबरायला कारण लागत नाही, असं मी पूर्वी चेष्टेने म्हणायचे. लिफ्टने मध्येच एक हिसका दिला की हा माणूस पुढचा आठवडाभर जिना चढणार. बँकेतून फोन आला की खुर्चीतून उठून, उभं राहून बोलणार. मालकांची गाडी खाली दिसली की शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावणार, मग मालक वर येवोत न येवोत. मला हसू यायचं. यंदाच्या दसऱ्याच्या सुमारास मात्र मी त्यांना खरंखुरं घाबरलेलं पाहिलं, आणि तेव्हा कळलं की आधीचा तो नुसता स्वभाव होता.

मी ऋजुता. मूळची सांगलीची, नोकरीसाठी चेन्नईला आले आणि इथेच रुळले. आमची कंपनी मोटारींसाठी पत्र्याचे सुटे भाग बनवते. कारखाना इरुंगाट्टुकोट्टैला, माल जातो ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यांत, आणि हिशेब, खरेदी, ड्रॉइंग वगैरे कारभार नुंगंबाक्कमच्या ऑफिसात. मी खरेदीत आहे. ऑफिसातले कॉम्प्युटर, प्रिंटर, तारा, सगळं बालाजीरावांकडे.

त्यांची माझी ओळख माझ्या तोंडामुळे झाली. नवीन होते, प्रिंटर कागद गिळून बसला होता आणि माझं डोकं फिरलं होतं. इथे कोणाला कळतंय, म्हणून मी त्याला अस्सल सांगलीच्या शिव्या घालत होते. मागून एकजण शांतपणे म्हणाला, "त्यास शिव्या नका देऊं बाई. उष्ण झालें आहे तें." मी उडालेच. मागे हे उभे, उंच, कपाळाला गोपीचंदनाची रेघ, हातात स्क्रू-ड्रायव्हर.

ते तंजावरचे मराठी. कित्येक पिढ्या तिकडेच वाढलेल्या. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, ऑफिसात निम्मं इंग्रजी. त्यांची मराठी ऐकली की सुरुवातीला मला हसू फुटायचं. 'सांगितलं'ला 'सांगटलें', 'सगळे'ला 'अस्के', आणि वाक्य संपताना सूर तमिळसारखा वर जाणार. मी हसले की ते म्हणायचे, "तुमची मराठी मज हिंदीसारखी लागते." झाली फिट्टंफाट. अख्ख्या ऑफिसात मराठी फक्त आम्हा दोघांना येते, त्यामुळे जे कोणाला कळू नये ते बालाजीराव माझ्याशी मराठीत बोलतात, भर कॅन्टीनमध्ये, खणखणीत आवाजात.

अशीच त्यांनी मला राजसबाईंची गोष्ट सांगितली. राजसबाई त्यांच्या पत्नी. मी त्यांना मामी म्हणते, इथे सगळेच म्हणतात. मामींची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, न चुकता. मांबलमच्या घराजवळ एक बरं इस्पितळ आहे, तिथे ते कंपनीच्या विम्यावर होतं. सरकारी इस्पितळात फुकट होतं, हे त्यांना माहीत आहे, पण तिथे कायमचा नंबर लागायला महिने जातात. आणि मामींच्या शरीराला तेवढी वाट बघता येत नाही. मागे एकदा पावसाने रस्ते बुडाले तेव्हा त्यांची एक वेळ चुकली. त्या आडव्या होऊ शकेनात. बसल्या बसल्या श्वास घ्यायच्या, तोही ओढून, आणि बालाजीराव समोर बसून प्रत्येक श्वासाची वाट बघत होते. हे सांगताना त्यांनी डबा तसाच मिटून ठेवला होता. "दोन वर्षें आहेत मज रिटायर व्हायास," ते म्हणाले. "तोंवर दिव्यश्रीचें शिक्षण होईल, तिला नोकरी लागेल, तिच्या विम्यांत तिची आई जाईल. तेवढी दोन वर्षें मज इथें राहूं द्यावें. आणिक कांहीं नको."

म्हणजे बघा, या माणसाची नोकरी ही नोकरी नव्हती. ती मामींचा श्वास होती.

आता त्या सर्व्हरचं सांगते. आमच्या ऑफिसात काचेच्या एका खोलीत एक सर्व्हर आहे. ड्रॉइंग, दरपत्रकं, ऑर्डरी, सगळं त्याच्यावर, आणि जो तो आपापल्या टेबलावरून तिथली फाइल उघडतो. सर्व्हरचं सॉफ्टवेअर विकत घेतलं म्हणजे विषय संपला, असं मला वाटायचं. तसं नसतं म्हणे. सर्व्हर चालवायचं लायसन्स वेगळं, आणि त्याच्यावरच्या फाइली उघडायच्या तर उघडणाऱ्या प्रत्येक माणसाचं, नाहीतर प्रत्येक मशीनचं, आणखी एक वेगळं. फार वर्षांपूर्वी सर्व्हर घेतला तेव्हा ऑफिसात माणसंच दहा होती, म्हणून दहा जणांची लायसन्सं घेतली. पुढे कंपनी वाढली. माणसं सहापट झाली, लायसन्सं दहाच राहिली.

बालाजीरावांनी मध्ये एकदा वर विचारलं होतं. "पुढच्या वर्षी बघू," असं उत्तर आलं. मग त्यांनी आपल्या डोक्याने एक तोड काढली. सर्व्हरवर 'ऑफिस' असं एकच नाव उघडलं, त्याला एक पासवर्ड. नवा माणूस आला की त्याच नावाने त्यालाही आत सोडायचं. सर्व्हरला वाटणार, एकच माणूस येतोय जातोय. मला हे समजावून सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान होतं. "घरचें रेशनकार्ड कसें असतें बाई? नांव एकाचें. रांगेंत उभा राहतो एकजण. जेवतात अस्के." त्यांच्या हिशेबाने आमची नऊ लायसन्सं उलट शिल्लक पडली होती. हा माणूस लबाडी करत नव्हता हो. त्यांना ते मनापासून रास्त वाटत होतं. घर एक, कार्ड एक.

भाद्रपद संपत आला होता तेव्हा ती मेल आली. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीकडून. तुमच्या लायसन्सची पडताळणी करायची आहे, सर्व्हरवरच्या फाइली किती माणसं आणि किती मशीनं वापरतात ते कळवा. भाषा अगदी सभ्य. बालाजीराव माझ्या टेबलाशी आले, कागद पुढे धरला.

"मज जें कळलें तेंच लिहिलें आहे कां तेवढें सांगा," ते म्हणाले.

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की एका नावाने कितीही जण शिरले तरी नाव मोजायचं नाही, माणसं मोजायची, नाहीतर मशीनं. मी ते त्यांना मराठीत सांगितलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग हळूच विचारलं, "पोलीस येतात कां, ऋजुताबाई?"

"कशाचे पोलीस. कमी पडलीत तर घ्या म्हणतील," मी म्हणाले. पण मला तरी कुठे माहीत होतं. मी उगाच जोर लावून बोलत होते, आणि ते त्यांना कळत होतं.

दुपारी राघोत्तम सरांनी त्यांना आत बोलावलं. राघोत्तम आमचे जनरल मॅनेजर. वाईट माणूस म्हणता येणार नाही, पण मालकांसमोर त्यांचा आवाज निम्मा होतो आणि उरलेला निम्मा मग ते आमच्यावर काढतात. बालाजीराव बाहेर आले ते थेट जिन्यात जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले. आत काय झालं ते त्यांनी सांगितलं. एकाच नावाने सगळ्यांना आत सोडायचं तुमचं डोकं, राघोत्तम म्हणाले होते. मालकांना कळलं तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. त्यापेक्षा दहाच मशीनं आहेत असं कळवून टाका. सर्व्हरला विचारलं तरी तो एकच नाव सांगणार, कोणाला काय कळतंय? आणि कळवायचं कोणी, तर बालाजीरावांनी, त्यांच्या स्वतःच्या मेलवरून.

माझं पित्त खवळलं. "अजिबात पाठवायचं नाही," मी म्हणाले. "पाठवायचं असेल तर त्यांनी आपल्या नावाने पाठवावं की. तुमच्या गळ्यात कशाला? उद्या अंगाशी आलं तर हे हात वर करून मोकळे."

ते जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. "नाहीं म्हणालों, तर आजच जातों मी," ते म्हणाले. "राजसास परवां मशीनवर घ्यायाचें आहे."

त्यांनी मेल पाठवली.

मला वाटलं, सुटले. पण चार ओळींचं उत्तर आलं. माहितीबद्दल आभार, नवरात्र झाल्यावर आमचा प्रतिनिधी प्रत्यक्ष येऊन बघून जाईल. तिथून पुढे बालाजीरावांचे जे हाल झाले ते मला सांगवत नाहीत. जेवण तुटलं. कोणी मागून हाक मारली की दचकायचे. ऑफिसचं दार उघडलं की मान आपोआप वर. एकदा खाली रस्त्यावर पोलिसांची जीप नुसती उभी होती, कोणाच्या तरी गाडीचं काहीतरी असेल, तर हे खिडकीपासून लांब भिंतीला पाठ लावून बसले. भीती लागते हो एकाची दुसऱ्याला. मीही घरी जाऊन नवऱ्यावर उगाच खेकसायला लागले.

"घरी सांगितलंत?" मी विचारलं.

"छे. तिला कशास? तिला झोंप लागते म्हणून तर ती आहे," ते म्हणाले. "मज लागत नाहीं. मी बसून तिला पाहतों."

युक्ती राघोत्तमांनीच काढली. आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, जवळ आली होती. चेन्नईत आयुधपूजेआधी प्रत्येक ऑफिस, प्रत्येक दुकान धुऊन पुसून काढतात, सामान इकडचं तिकडे होतं, त्यात काय हललं हे कोणी विचारत नाही. त्या साफसफाईत दहा सोडून बाकीची सगळी मशीनं उचलून मागच्या स्टोअररूममध्ये रचायची. कोणी विचारलं तर जुनी, भंगारात काढलेली. त्या टेबलांवरच्या लोकांना पूजा झाली की सुट्टी, आणि सुट्टीनंतरच्या सोमवारी थेट कारखान्यावर ट्रेनिंगला जायचा हुकूम. कारखान्यातून सर्व्हरला जोडणारी तारही त्या दिवसापुरती बंद. सगळं ठरलं, आणि सगळं बालाजीरावांच्या हातून झालं. जी मशीनं त्यांनी एकेक करून जोडली होती तीच त्यांनी सोडवली आणि मागे नेली.

पूजा दरवर्षीसारखी झाली. दाराला केळीचे खांब, पाटावर पोरी म्हणजे आपले चुरमुरे, फुटाणे, फळं. प्रत्येक मशीनला, प्रिंटरला, पंचिंग मशीनलासुद्धा चंदनाचा टिळा आणि त्यावर कुंकू. दरवर्षी हे टिळे बालाजीराव लावतात. त्यांच्याखेरीज कोणी लावलेला त्यांना चालत नाही. यंदा दहाच मशीनं, त्यामुळे लवकर आटोपलं. ते पुढच्या रिकाम्या टेबलाशी गेले, चंदनाचं बोट तसंच उचललेलं, आणि तिथे काहीच नाही म्हणून थांबले. मग राघोत्तमांनी कापूर लावला, रस्त्यावर कोहळा फोडला, पुड्यांतून प्रसाद वाटला आणि लोक घरी पळाले. मी निघाले तेव्हा बालाजीराव पूजेचं तबक आवरत होते. म्हटलं, चला. "तुम्ही व्हा पुढें," ते म्हणाले.

सोमवारी सॉफ्टवेअर कंपनीची प्रतिनिधी आली. रम्या नाव, पंचविशीतली, खांद्याला लॅपटॉपची बॅग, केसांत मोगऱ्याचा तुकडा. मला वाटलं होतं, कोणीतरी करड्या चेहऱ्याचा साहेब येईल. हिने आधी कॉफी घेतली, कॉफी छान आहे म्हणाली. मग सर्व्हर पाहिला, काहीबाही विचारलं, दहाही मशीनं उघडून बघितली. बालाजीराव तिच्या मागे मागे, हात पाठीशी बांधून. रिकाम्या टेबलांवरून तिची नजर फिरली. कॅलेंडरं होती, पाण्याच्या बाटल्या होत्या, खुर्चीवर कोणाचातरी स्वेटर होता.

"जुनं सामान कुठे ठेवता सर?" तिने तमिळमध्ये विचारलं.

"मागे. भंगार आहे नुसतं," राघोत्तम म्हणाले.

"एकदा बघते. बघितलं असं लिहावं लागतं, एवढंच."

किल्ली बालाजीरावांकडे. ती कुलपात जाईना. एकदा हुकली, दोनदा हुकली. राघोत्तमांनी ती त्यांच्या हातातून घेतली, कुलूप काढलं आणि दार ढकललं.

आधी वास आला. चंदनाचा आणि शिळ्या मोगऱ्याचा. मग दिसलं. रॅकवर, जमिनीवर, भिंतीकडेने सगळी मशीनं नीट ओळीत, तोंडं दाराकडे करून ठेवलेली, आणि एकूण एक मशीनच्या कपाळावर चंदन, चंदनावर कुंकू, वर एकेक फूल. मधोमध जमिनीवर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर मूठभर पोरी आणि एक लिंबू.

रम्या उंबऱ्याशी थांबली. तिने पायातल्या चपला काढल्या. सवयीनेच काढल्या असाव्यात. मग अनवाणी उभी राहून ती बघत राहिली. या गावात जन्मलेल्या कोणालाही हे कळायला काही शिकावं लागत नाही. आयुधपूजेचा टिळा भंगाराला कोणी लावत नाही. ज्या वस्तूवर पोट चालतं तिलाच लावतात.

राघोत्तमांचा चेहरा उतरला, पण ते चटकन सावरले. हसले. "आमचे बालाजीराव फार देवभोळे," ते म्हणाले. "मोडकी खुर्चीसुद्धा पुजतील. काय हो?"

सुटायला वाट होती. पुसट का असेना, होती. रम्या बालाजीरावांकडे वळली. "तसंच आहे का सर?" तिने विचारलं. आवाजात दटावणी अजिबात नव्हती. मला तर वाटलं, हो म्हणाले तर ती सोडून देईल, तिलाही वेळेवर घरी जायचं असेल.

बालाजीरावांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ कोरडे पडलेले. मराठीत म्हणाले, "सोडवेनात बाई. वर्षभर राबलीं. एकटींच अंधारांत ठेवून कसा जाऊं?"

आणि मी, जिने त्यांना जिन्यात ठणकावून सांगितलं होतं की खोटी मेल पाठवू नका, मी काय म्हणाले? "हो म्हणा, बालाजीराव. तिला हो म्हणा. मामींचा विचार करा." मला दुसरं काही सुचलंच नाही. माझ्या डोळ्यांपुढे मामी ओढून ओढून श्वास घेत बसल्या होत्या.

"तोच करतों आहें तर," ते म्हणाले. "पण कुंकू लावून झालें. आतां मेलीं आहेत म्हणून कसें सांगूं?"

मग ते रम्याकडे वळले आणि तमिळमध्ये म्हणाले, "चालू आहेत अम्मा. सगळी चालू आहेत. मीच इथे आणून ठेवली. सर्व्हरवर सगळ्यांना एकाच नावाने मीच सोडलं." बोलता बोलता त्यांनी शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलं. इतका भ्यालेला माणूस मी कधी पाहिला नाही, आणि तो बोलत होता.

रम्याने चपला घातल्या. मग म्हणाली, "सर, कमी लायसन्सं पुष्कळ ऑफिसांत असतात. मोजायचं आणि उरलेली घ्यायची, एवढंच काम असतं आमचं. पहिल्याच मेलला खरा आकडा कळवला असता तर मी इथवर आलेही नसते." तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "पण तुमच्या नावाने दहाचा आकडा लेखी आलाय. तो मला वर कळवावा लागेल."

पोलीस आले नाहीत. कोणाला बेड्या पडल्या नाहीत. मालकांनी उरलेली लायसन्सं घेतो म्हणून लगेच कळवलं आणि कंपनीपुरता विषय मिटला. ज्या गोष्टीला बालाजीराव इतके दिवस भीत होते ती नव्हतीच. होती ती फक्त ती मेल, आणि ती त्यांनी भीतीपोटीच पाठवली होती.

बालाजीरावांना तासाभराने आत बोलावलं. कंपनीच्या नावाने खोटी माहिती दिली म्हणून राजीनामा. महिनाअखेरपर्यंत विमा, पुढे नाही. ते बाहेर आले आणि त्यांनी मला एवढंच सांगितलं, अगदी सपाट आवाजात. मी राघोत्तमांच्या केबिनमध्ये घुसले. माझ्या तमिळची लाज न धरता जे तोंडाला आलं ते बोलले. तुम्ही सांगितलंत, तुम्ही. तुमच्या सांगण्यावरून त्यांनी ती मेल पाठवली. राघोत्तम टेबलावरच्या काचेकडे बघत होते. "मेलवर नाव कोणाचं आहे?" ते म्हणाले. मग म्हणाले, "मलाही घर आहे, ऋजुता." मला दया आली नाही. अजून येत नाही.

बालाजीरावांना एकटं सोडवेना, म्हणून रिक्षा करून मी त्यांच्याबरोबर मांबलमला गेले. रस्ताभर ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोकत होते, तिला कसें सांगूं, तिला कसें सांगूं. मी म्हटलं, मी सांगते. ते म्हणाले, नको.

दार मामींनी उघडलं. बारीक झालेल्या, हातावर सुयांच्या जागी फुगलेल्या शिरा, पण साडी नेहमीसारखी नीटनेटकी. भरदुपारी नवरा घरी, बरोबर मी, आणि आमचे ते चेहरे. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि भिंतीला धरून खुर्चीत बसल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या. "मी सोसतें. डॉक्टरनें काय सांगटलें?"

"कोण डॉक्टर?" बालाजीराव म्हणाले.

"मज ठाऊक नाहीं समजतां? इतके दिवस तुम्ही जेवत नाहीं. निजत नाहीं. मी डोळे मिटून असतें, तुम्ही उशाशीं बसून मज पाहतां." त्यांचा आवाज फुटला. "माझे थोडे दिवस राहिले म्हणून डॉक्टरनें तुम्हांस बोलावून सांगटलें, आणिक तुम्ही मजपासून लपवलें. रोज वाटतें, आज सांगतील, आज सांगतील. दिव्यश्रीस काय म्हणून सांगूं, तेंच मनांत घोळवतें मी."

बालाजीराव त्यांच्यासमोर खालीच बसले, फरशीवर. "नाहीं ग राजसा," ते म्हणाले. "डॉक्टर कांहीं बोलला नाहीं. तुझें अस्कें बरें आहे. नोकरी गेली माझी."

"नोकरी?"

"हो."

"नोकरीच गेली?"

मामींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतात, आणि रडत होत्याच, पण मध्येच हसतही होत्या. त्यांनी बालाजीरावांच्या खांद्यावर एक चापट मारली, मग पदराने त्यांचंच तोंड पुसलं. "केवढें भिववलें मज," त्या म्हणाल्या. "नोकरी कसली घेऊन बसलां. मी मेलें होतें इकडे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बस ग तू. उभी काय? कॉफी करतें." त्यांना स्वतःला दिवसाचं पाणी मोजून प्यावं लागतं, कॉफी फक्त आम्हा दोघांना.

त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज येऊ लागला. कित्येक दिवसांत इतक्या भराभर हलल्या नसतील. मी बालाजीरावांकडे पाहिलं. विम्याचं अजून सांगायचं होतं. ते फरशीवर तसेच बसून होते आणि मान हलवून मला नको नको म्हणत होते.

आतून मामींचा आवाज आला, हलका, एखाद्या मुलीसारखा. "बरेंच झालें एका परी. इतकीं वर्षें मी एकटी जातें इस्पितळास, तुम्हांस कधीं रजा मिळाली नाहीं. आतां दर वेळीं तुम्हीच चला माझ्यासंगें. येतां ना?"

"येतों," बालाजीराव म्हणाले.